रॅम वाढवायची की कॉम्प्युटर बदलायचे?

(दहावी १९९१ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, जानेवारी २०२६ मध्ये, शाळेच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीनं मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषयही दिलाय. आठवणींचा कार्यक्रम जेवणानंतर आहे, तेव्हा मी गप्प बसून ऐकणार आहे. आत्ता मला बोलायचंय पैशावर. आपल्या तुकडीनं शाळेसाठी तीन लाख साठ हजार रुपये जमवले. ते कॉम्प्युटर लॅबसाठी द्यायचे हे सर्वांना मान्य आहे, पण कसे खर्च करायचे यावर दिवाळीपासून आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे चाललंय ते तुम्ही वाचलंच आहे. १९९९ पासून मी कोल्हापुरात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो, म्हणून हा निवाडा माझ्या गळ्यात आला.

ग्रुपवर दोन बाजू आहेत. एक म्हणते, जुने डबे भंगारात घाला आणि दहा नवे कोरे कॉम्प्युटर घ्या. आजच्या भावानं एक साधारण छत्तीस हजाराला पडतो, दहा घेतले की हिशेब बरोबर बसतो, वर पाटी लावता येते. दुसरी बाजू म्हणते, कशाला एवढा खर्च, रॅम वाढवली की झालं, माझ्या भाच्यानं तसंच केलं. मला दोघांचंही अर्धं अर्धं पटतं. उरलेल्या अर्ध्याबद्दल आज बोलतो.

ग्रुपवर बसून हे ठरवता येणार नाही, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी इथं येऊन तीन दिवस लॅबमध्ये काढले. लॅबच्या बाईंनी सुट्टी असूनही किल्ली दिली, शिपाईमामांनी दोन वेळा चहा दिला. काय सापडलं ते सांगतो. लॅबमध्ये वीस कॉम्प्युटर आहेत, सगळे २०१४ साली आलेले. इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ५०० जीबीची हार्ड डिस्क, चार जीबी रॅमची एक पट्टी, आणि तिच्या शेजारी एक रिकामा स्लॉट. विंडोज १० आहे, पण ३२ बिटची. वीसपैकी तीन बंद. उरलेल्या सतरांवर मुलांचा तास होतो; पहिली पाच-सहा मिनिटं सगळे पडद्याकडे बघत बसलेले असतात.

तो रिकामा स्लॉट बघूनच लोकांना वाटतं, इथं पट्टी घातली की काम झालं. मला रोज दुकानात हेच विचारतात. 'लॅपटॉप स्लो झालाय, रॅम टाकून द्या.' डॉक्टरकडे जाऊन 'अशक्तपणा आलाय, सलाईन लावा' म्हणतात ना, तसं. आजार दुसराच असेल तर सलाईननं नुसता खर्च होतो.

आता रॅम म्हणजे काय, हे थोडं समजून घेऊ. इथं बसलेल्या निम्म्या लोकांना हे ठाऊक आहे, त्यांनी दोन मिनिटं मोबाइल बघितला तरी चालेल.

आपली विज्ञानाची प्रयोगशाळा आठवा. मधोमध लांब टेबल, भिंतीला लागून काचेची कपाटं. चंचुपात्र, मोजपात्र, ब्युरेट, स्टँड, सगळं कपाटात. प्रयोग मात्र टेबलावरच व्हायचा. रॅम म्हणजे ते टेबल आणि हार्ड डिस्क म्हणजे कपाट. कॉम्प्युटर जे काही काम करतो ते टेबलावर मांडून करतो. टेबल भरलं की आत्ता न लागणारी वस्तू उचलून कपाटात ठेवायची, लागणारी काढून आणायची. पुन्हा पहिली लागली की परत फेरी. वस्तूंची ने-आण करायला एकच मामा. त्यामुळे टेबल लहान असेल तर प्रयोग कमी आणि मामांच्या फेऱ्या जास्त. ज्या कॉम्प्युटरवर एका खिडकीतून दुसरीत गेलं की तो दहा सेकंद घुटमळतो, त्याचं दुखणं हे. त्याला रॅम हवी.

पण दुसरंही दुखणं असतं, आणि वरवर ते अगदी तसंच दिसतं. सकाळी प्रयोगशाळा उघडली की टेबल रिकामंच असतं. सगळं सामान कपाटातूनच यायचं असतं. तेव्हा टेबल दुप्पट मोठं केलं म्हणून सामान लवकर येत नाही. मामा किती चपळ आहेत यावर ते ठरतं. कॉम्प्युटर सुरू होणं किंवा एखादा प्रोग्रॅम पहिल्यांदा उघडणं हे असलं काम आहे.

आता वेगाचा फरक बघा. रॅममधली गोष्ट मिळायला साधारण सेकंदाचा एक कोटीवा भाग लागतो. जुनी फिरती हार्ड डिस्क मिनिटाला ७२०० फेरे मारते, म्हणजे एका फेऱ्याला आठ मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ, आणि तिची सुई हवी तिथं पोचायला वेगळा वेळ. सगळं धरून सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास. एसएसडी, म्हणजे ज्यात फिरणारं काही नसतं ती डिस्क, सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात उत्तर देते. रॅमपुढे ती सावकाशच. पण जुन्या डिस्कपेक्षा शंभर पट चपळ.

लॅबमध्ये मी एक साधी गोष्ट केली. एक कॉम्प्युटर उघडला, कोल्हापूरहून नेलेली चार जीबीची दुसरी पट्टी रिकाम्या स्लॉटमध्ये घातली. आधी सुरू व्हायला चार मिनिटं लागत होती, आता पावणेचार. त्यातही विंडोज ३२ बिटची असल्यानं आठ जीबीतली सव्वातीन जीबीच ती वापरत होती. ३२ बिटच्या विंडोजला चार जीबीच्या पलीकडचं दिसतच नाही, आणि त्या चारातलाही काही भाग इतर गोष्टींसाठी राखून जातो. म्हणजे लॅबमध्ये सगळीकडे नुसत्या पट्ट्या घातल्या असत्या, तर ग्रुपवरच्या दुसऱ्या बाजूला एक रुपयाचाही उपयोग दिसला नसता. टेबल वाढवलं, पण वाढीव भागावर कापड टाकून ठेवलं असा प्रकार.

मग ती पट्टी काढून घेतली, डिस्क बदलून एसएसडी बसवली आणि तीच विंडोज तिच्यावर उतरवली. रॅम पूर्वीचीच चार जीबी. चाळीस सेकंदांत सुरू. बाई माझ्या मागे उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, 'प्रोसेसर बदलला का?' काही बदललं नव्हतं, फक्त मामा बदलले होते.

म्हणजे आपल्या लॅबचं मुख्य दुखणं रॅमचं नाही. पण लगेच असंही म्हणू नका की रॅमचा उपयोगच नसतो. याच शाळेच्या कार्यालयात उलटी गोष्ट आहे. भाऊसाहेबांच्या कॉम्प्युटरला दोन वर्षांपूर्वीच कुणीतरी एसएसडी घालून दिलीय, ६४ बिटची विंडोज आहे, सकाळी तो चटकन उठतो. पण दुपारी अकराच्या पुढं त्यावर एका वेळी यू-डायस उघडलेलं, शालार्थ उघडलेलं, पगाराची एक्सेलची दोन पत्रकं, आणि वर व्हॉट्सॲप. चार जीबी रॅम. मी बघितलं तेव्हा त्यातली ९४ टक्के भरलेली होती, आणि एका खिडकीतून दुसरीत जायला भाऊसाहेबांना इतका वेळ लागत होता की मध्ये ते हातानं रजिस्टरची एक ओळ लिहून घेत. हे खरं रॅमचं दुखणं.

तुम्हाला घरी हे तपासायचं असेल तर अगदी सोपं आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्सवर जा. तिथं मेमरी आणि डिस्क असे दोन आलेख दिसतात. मात्र नुसतं उघडून बघू नका. रोज जे काम करता ते सगळं उघडा, अर्धा तास काम करा, आणि कॉम्प्युटर अडखळतो त्या क्षणी बघा. मेमरी साठ-सत्तर टक्क्यांवर आणि डिस्क शंभरावर चिकटलेली असेल तर आधी डिस्क बदला. मेमरी नव्वदच्या वर असेल आणि खिडकी बदलली की प्रत्येक वेळी डिस्क उसळी मारत असेल, तर रॅम कमी पडतेय. दोन्ही निवांत असतील आणि तरी पान उघडत नसेल, तर तुमच्या इंटरनेटवाल्याला फोन करा. मेमरी जरा जास्त भरलेली दिसली म्हणून घाबरायचंही कारण नाही. रिकामं टेबल कुणाच्या कामाचं नसतं, म्हणून विंडोज पुढं लागेल ते सामान आधीच मांडून ठेवते.

आमच्या गल्लीत एक फोटो स्टुडिओ आहे. लग्नसराईत त्याच्याकडे करिझ्मा अल्बमची पानं लावायचं काम असतं. एकेका पानात मोठमोठे पंधरा-वीस फोटो, आणि फोटोशॉपमध्ये अशी पाच-सहा पानं एकाच वेळी उघडी. त्याच्याकडे एसएसडी होती, प्रोसेसर चांगला होता, रॅम आठ जीबी. सोळा केली आणि त्याचं रात्रीचं जागरण संपलं. अशा माणसाला मी 'थांबा, तपासू' म्हणत बसत नाही. कामच सांगतं.

लॅपटॉपवाल्यांसाठी एक वाक्य: विकत घ्यायच्या आधी बघा, की तुमच्या मशीनमध्ये पट्टी घालायला जागा आहे का. आजकालच्या पातळ लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा रॅम बोर्डवरच डाग देऊन बसवलेली असते. अॅपलच्या २०२० पासूनच्या एम-मालिकेत ती प्रोसेसरच्या पाकिटातच असते. तिथं पुढं वाढवण्याचा प्रश्नच नाही, जे काय घ्यायचं ते पहिल्या दिवशी. आणि पट्टी कुठलीही कुठं बसत नाही. आपल्या लॅबमध्ये लागते ती डीडीआर-थ्री. डीडीआर-फोर तिच्यासारखीच दिसते, पण खाच वेगळ्या जागी असते. न बसणारी पट्टी जोर लावून बसवण्याचा प्रयत्न झालेले बोर्ड माझ्याकडे वर्षातून दोन-तीन तरी येतात.

आता भावाकडे येतो. इथं बसलेल्या व्यापाऱ्यांना हे ऐकायला आवडेल. रॅमचा भाव हा कांद्याच्या भावासारखा असतो. लासलगावला काय होतं त्यावर मुंबईचं ताट ठरतं, तसं जगात तीन-चार कंपन्यांकडे काय होतं त्यावर आमच्या काउंटरवरचा भाव ठरतो. जुलै १९९३ मध्ये जपानमध्ये नीहामा इथं एका रसायनांच्या कारखान्यात स्फोट झाला. चिपच्या भोवती जो काळा कवच असतो, त्याला लागणाऱ्या रेझिनचा मोठा भाग तिथं बनायचा. बघता बघता जगभर रॅम महागली. मी दुकान काढलं त्याच वर्षी, सप्टेंबर १९९९ मध्ये, तैवानला भूकंप झाला, तिथल्या कारखान्यांची वीज गेली आणि पुन्हा तेच. पहिल्याच दोन महिन्यांत ग्राहक मला म्हणायचे, कालचा भाव वेगळा सांगितलात. मी काय सांगणार, भूकंप झालाय म्हणून? कोल्हापुरात कुणाला पटेल?

आत्ता तिसरा प्रकार चालू आहे. एआयसाठी मोठमोठी डेटा सेंटर उभी राहताहेत, त्यांना लागणारी मेमरी बनवण्याकडे सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिन्ही कंपन्या वळल्यात. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत नव्या रॅमचे भाव भराभर चढले. डिसेंबरमध्ये मायक्रॉननं तर क्रूशल नावाखाली आपल्यासारख्यांना विकायची रॅम बंदच करायचं जाहीर केलं. याचा आपल्याला अर्थ काय? नवे कॉम्प्युटर घेण्यासाठी ही सर्वांत वाईट वेळ आहे, कारण त्यांच्या किमतीत ही महाग रॅम धरलेली असते. आणि आपल्या लॅबमधली डीडीआर-थ्री इतकी जुनी, की डेटा सेंटरवाल्यांना ती नको. कंपन्यांनी काढून टाकलेल्या कॉम्प्युटरमधल्या पट्ट्या पुण्याच्या तपकीर गल्लीत आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर अजून मिळतात. मला चार जीबीची तपासलेली पट्टी सहाशे रुपयांनी देऊ केलीय. भाव आज ना उद्या उतरतील, १९९३ नंतर उतरले, १९९९ नंतरही उतरले. कधी, ते मला विचारू नका.

एक अडचण मात्र रॅमनंही सुटत नाही आणि एसएसडीनंही नाही, आणि ग्रुपवर ती कुणी काढली नाही. विंडोज १० ची मायक्रोसॉफ्टची साथ १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. म्हणजे ती बंद पडत नाही, पण सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या मिळत नाहीत. घरगुती वापरासाठी वर्षभराची वाढीव मुदत आहे, तीही पुढल्या ऑक्टोबरात संपेल. विंडोज ११ ला नुसती चार जीबी रॅम पुरत नाही. तिला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. आपला प्रोसेसर चौथ्या पिढीचा. त्यात बत्तीस जीबी रॅम घालायची म्हटली, तरी तो आठवीत जाणार नाही. (बोर्ड तसाही सोळाच्या पुढं घेत नाही.)

त्यामुळे 'नवेच घ्या' म्हणणाऱ्यांचं हे म्हणणं खरं आहे, की हे कॉम्प्युटर विंडोजच्या मार्गावर पुढं जात नाहीत. पण मार्ग दुसराही आहे. लिनक्स. ती फुकट आहे, आणि चालू असलेल्या आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत राहतात. लिनक्स मिंट बनवणारे स्वतः सांगतात, किमान दोन जीबी रॅम, आणि आरामात चालायला चार. आपल्याकडे चार आहेत. केरळच्या सरकारी शाळांमध्ये गेली कित्येक वर्षं मुलं लिनक्सवरच शिकतात, हा काही कोल्हापूरच्या दुकानदाराचा प्रयोग नाही. मी एका कॉम्प्युटरवर एसएसडी आणि मिंट घालून बाईंच्या ताब्यात दिला. स्क्रॅच चालतं, जिओजेब्रा चालतं, दीक्षावरचे व्हिडिओ चालतात, लिबर ऑफिसमध्ये मराठी टाइप होतं, इनस्क्रिप्टचा कीबोर्ड तोच. बाईंनी आठवीच्या चार मुलांना सुट्टीत बोलावून त्यावर बसवलं. मुलांनी विंडोज कुठं गेली हे विचारलंसुद्धा नाही. विचारलं ते एवढंच, की याच्यावर गेम आहेत का. आहेत.

कार्यालयासाठी मात्र मी लिनक्स सुचवणार नाही. याचं कारण तंत्रज्ञांना सुचत नाही, ते भाऊसाहेबांनी मला दाखवलं. शाळेच्या गेल्या वीस-बावीस वर्षांच्या फायली, परिपत्रकं, दाखल्यांचे मसुदे सगळे श्रीलिपी नाहीतर आयएसएममध्ये टाइप केलेले आहेत, युनिकोडमध्ये नाहीत. ते उघडून दुरुस्त करायचे तर त्यांना त्यांची जुनी सोयच लागते, आणि ती विंडोजवर. तुमचा-माझा शाळा सोडल्याचा दाखला हातानं लिहिलेला होता म्हणून तो कुठंही उघडतो. आपल्या मुलांच्या वयाच्या लोकांचे दाखले त्या फायलींत आहेत.

बंद पडलेल्या तीन कॉम्प्युटरबद्दल सांगायचं राहिलं. चालू केले की नुसतं पीप-पीप करायचे. रॅमची पट्टी काढली, तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर फिरवला, कोरड्या ब्रशनं झाडलं, परत बसवली. दोन चालू झाले. तीन दिवसांतलं सर्वांत स्वस्त काम हे, आणि खोडरबर शाळेचाच. तिसऱ्याचा बोर्ड गेलाय, कपॅसिटर फुगलेत, त्याचा नाद सोडायचा. पण त्याची पट्टी चांगली आहे.

आणि चालू असलेल्यांपैकी सहा कॉम्प्युटरवर एकही सुरक्षित वेबसाइट उघडत नव्हती. मुलं म्हणायची नेट नाही. नेट होतं. बोर्डवर घड्याळासाठी एक गोल सेल असतो, तो संपलेला. रोज सकाळी ते कॉम्प्युटर उठायचे आणि त्यांच्या हिशेबी साल असायचं २०१४. त्या तारखेला आजच्या वेबसाइटचं प्रमाणपत्र जन्मालाच आलेलं नसतं, म्हणून दार बंद. तीस रुपयांचा सेल. (आपल्या तुकडीतही सकाळपासून काही जण १९९१ मध्येच आहेत, त्यांना मात्र कुणी सेल बदलू नये.)

तर आता हिशेब. समितीला मी लेखी दिलाय, इथं तोंडी सांगतो.

एकोणीस कॉम्प्युटरना एसएसडी, प्रत्येकी अठ्ठावीसशे, म्हणजे त्रेपन्न हजार दोनशे. तिन्ही पैशांत सर्वांत उपयोगी पैसा हा. रॅम फक्त आठ कॉम्प्युटरना वाढवायची, चाराची आठ, कारण नववी-दहावीच्या मुलांना एका वेळी व्हिडिओ, जिओजेब्रा आणि लिखाण असं तिन्ही उघडावं लागतं. एक पट्टी त्या गेलेल्या कॉम्प्युटरची, सात विकत, चार हजार दोनशे. उरलेल्या अकरांना चार जीबी पुरते, तिथं मी एक पैसा घालणार नाही. उद्या गरज वाटली तर स्लॉट रिकामाच आहे. सेल एकोणीस, पाचशे सत्तर. कार्यालयासाठी एक नवा कॉम्प्युटर, विंडोज ११ चा, बेचाळीस हजारांपर्यंत. त्यात आठ जीबीची एकच पट्टी घ्यायची आणि शेजारचा स्लॉट मोकळा ठेवायचा. दोन पट्ट्या असत्या तर थोडा अधिक वेग मिळाला असता हे खरं, पण आजच्या भावात सोळा जीबी घेण्यापेक्षा भाव उतरल्यावर दुसरी घालू. हे सगळं मिळून एक लाखाच्या आत, तीस रुपये कमी.

पट्टी घालणं, डिस्क बदलणं, लिनक्स टाकणं, याची मजुरी नाही. माझ्या दुकानातली दोन पोरं आणि मी दोन रविवार येऊ. ते माझं वर्गणीत धरा.

मग उरतात दोन लाख साठ हजार. त्यातले एक लाख वीस हजार, महिना पाच हजारांप्रमाणे दोन वर्षं, लॅब सांभाळणाऱ्या एका माणसाच्या मानधनाला द्यावेत. गावातल्याच कुणा डिप्लोमा झालेल्या मुलामुलीला अर्धवेळ. कारण हे कॉम्प्युटर म्हातारे झाल्यामुळे बंद पडलेले नव्हते. खोडरबर फिरवणारं कुणी नव्हतं म्हणून बंद होते. बाई गणिताचे तास घेतात, त्यांनी ब्रश घेऊन बोर्ड झाडत बसावं अशी अपेक्षा मी ठेवणार नाही. बाकीचे एक लाख चाळीस हजार बँकेत ठेवा. हे एकोणीस कॉम्प्युटर अजून तीन-चार वर्षं चालतील, त्याहून पुढची हमी मी देत नाही. बोर्ड कधीतरी जाणारच. तेव्हा ते पैसे लागतील, आणि तोवर कदाचित रॅम स्वस्त झालेली असेल.

'दहा नवे'वाल्यांना मला एकच आकडा सांगायचाय. वर्गात आज बेचाळीस-पंचेचाळीस मुलं आहेत. दहा कॉम्प्युटरवर एकेकाला चार-पाच मुलं. एक टाइप करणार, बाकीची मान लांब करून बघणार, आणि टाइप करणारा बहुतेक वेळा तोच तो पुढचा मुलगा असणार. मुलींच्या हातात माउस कधी येतो हे बाईंना विचारा. एकोणीस कॉम्प्युटरवर दोन किंवा तीन. नवा कोरा कॉम्प्युटर लांबून बघण्यापेक्षा जुना हातात असलेला बरा, निदान दहावीपर्यंत तरी.

अमेरिकेतून आपल्या एका मित्रानं मला निरोप पाठवलाय, तो त्याच्या परवानगीनं वाचतो. 'एवढे पैसे जमवले आणि जुन्या डब्यात पट्टी घालणार? फोटोत काय दिसणार?' त्याचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. त्यानं सर्वांत जास्त रक्कम दिलीय आणि शाळेला काहीतरी देखणं द्यावं असं त्याला मनापासून वाटतं. पण याच यादीत पाचशे रुपये देणारेही आपले सोबती आहेत. एकानं ऊस गेल्यावर देतो म्हणून सांगितलं आणि खरंच दिले. दोघांचे पैसे एकाच खात्यात आहेत. फोटोत काय दिसेल ते मी सांगतो: एकोणीस पडदे एकाच वेळी उजळलेले. फोटो काढायला चाळीस सेकंद थांबावं लागेल एवढंच.

काहींना वाटेल, मी दुरुस्तीवाला, मी दुरुस्तीच सांगणार. रास्त शंका आहे. म्हणून एसएसडी आणि पट्ट्या माझ्या दुकानातून घेऊ नका असं मी समितीला लिहून दिलंय. तीन ठिकाणचे भाव मागवा, बिल शाळेच्या नावानं घ्या, हमी लिहून घ्या. जुन्या पट्ट्या घेताना प्रत्येक पट्टीवर रात्रभर मेमटेस्ट चालवायचा आणि एकही चूक दिसली तर परत करायची, ही अटही त्यात आहे. पट्टी जुनी असली तरी चालते. चुकणारी चालत नाही, कारण ती कुठं चुकेल हे सांगता येत नाही.

मतदान जेवणाआधी आहे. त्याआधी चहा आहे, आणि चहाच्या वेळी मी लॅबमध्ये असेन. दारापाशी तीन कॉम्प्युटर शेजारी-शेजारी मांडून ठेवलेत: एक जसा होता तसा, एकात फक्त रॅम वाढवलेली, आणि एकात रॅम तीच पण एसएसडी आणि लिनक्स. तिन्ही आत्ता बंद आहेत. बाई तिन्हींची बटणं एकदम दाबतील. घड्याळ लावून बघा, आणि मग हात वर करा.